राखणदेवाचं रेकॉर्डिंग

कॉम्प्युटरने मला हरवलं असं आजवर एकदाही झालेलं नाही. हे मी अगदी नम्रपणे सांगतोय. बोईसरला, कुंभवलीच्या बाजूला, आमची प्लास्टिकच्या बादल्यांची फॅक्टरी आहे आणि तिथे मी खरेदी विभागात बसतो. पण प्रिंटर अडला की मला बोलावतात, स्क्रीन निळी पडली की मला बोलावतात, साहेबांचा पासवर्ड साहेबांनाच आठवेनासा झाला की मलाच बोलावतात. मी जातो, खुर्चीत बसतो, एक सुस्कारा सोडतो, मशीन बंद करतो आणि परत चालू करतो. बहुतेक दुखणी तिथेच बरी होतात. उरलेल्यांना 'हार्डवेअरचा प्रॉब्लेम आहे' म्हणायचं आणि चहा पिऊन उठायचं. ऑफिसात मला 'डॉक्टर' म्हणतात ते उगाच नाही. बायको म्हणत नाही, पण तिने मी दुरुस्त केलेला मिक्सर पाहिलाय.

तर माझ्या सासुरवाडीला, पालघरजवळच्या माहीमला, केळी चोरीला जायला लागली, तेव्हा माझे हात शिवशिवले नसते तरच नवल!

सासऱ्यांची वाडी घरामागे थेट बांधापर्यंत गेलेली आहे. नारळ, सुपारी, मधे केळी, एका अंगाला पानवेलींचा मांडव. अगदी टोकाला चिंचेखाली एक शेंदूर माखलेला दगड आहे, तो राखणदेव. वाडी राखणारा. दर रविवारी दिवेलागणीला सासूबाई त्याच्यापुढे केळीच्या पानावर दोन तळलेले बोंबील आणि एक उकडलेलं अंडं वाढतात, शेजारी पेलाभर ताडी ठेवतात, हात जोडतात आणि मागे न बघता घरी येतात. सकाळी पान स्वच्छ आणि पेला रिकामा असतो. 'देव जेवला' म्हणायचं आणि पान उचलायचं. यापुढे त्या घरात कुणी काही विचारत नाही.

सासरे, म्हणजे कृष्णकांत, हे अत्यंत गरीब स्वभावाचे गृहस्थ. पालघरच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावून सांगितलं, की तळलेलं बंद आणि ताडी बंद. त्या दिवसापासून सासूबाईंनी त्यांना दुधीवर ठेवलंय. दुधीची भाजी, दुधीची डाळ, दुधीचं थालीपीठ. एकदा मी खिरीची वाटी बघून हावरटासारखा हात पुढे केला, तर तीही दुधीचीच निघाली. एरवी माझं पान वेगळं असतं. मी जावई. रविवारी आम्ही बोईसरहून आलो की माझ्या ताटात पापलेट पडतं, आणि समोर बसून सासरे दुधी चावत त्या पापलेटाकडे बघत राहतात. अशा वेळी मला घास उतरत नाही असं म्हणणं सभ्यपणाचं होईल. पण उतरतो.

अशाच एका रविवारी पापलेटाचा काटा काढता काढता मी ऐकलं, की अजून एक लोंगर गेला. लोंगर म्हणजे केळीचा अख्खा घड.

"सत्यनारायणाला ठेवलेला," सासूबाई म्हणाल्या. "कोयत्याने कापून नेला मेल्यांनी."

"नेऊ दे," सासरे म्हणाले. "चोराला पण पोरंबाळं असतीलच."

"आई, कॅमेरा लावू," मी म्हणालो. "कॅमेरा वाडीत, रेकॉर्डिंग घरातल्या कॉम्प्युटरवर. चोर आला की फोटो थेट मोबाइलवर. सॉफ्टवेअर मी स्वतः टाकून देतो. एका दुपारचं काम आहे."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "कॅमेरा? वाडीत? कशाला उगाच. देव हाय ना राखायला."

"देवाला आता सगळीकडं लक्ष देववत नाय," सासूबाई म्हणाल्या. "तुमी आणाच प्रफुल्लराव."

माझी बायको तेजल फक्त एवढंच म्हणाली, "अहो, माणूस बोलवा." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

बोईसरला स्टेशनजवळ कमलेशभाईचं दुकान आहे. त्याने कॅमेरा, वायर आणि सॉफ्टवेअरची डिस्क असं सगळं बांधून दिलं आणि विचारलं, "फिटिंग के लिए आदमी भेजूँ?"

"कमलेशभाई," मी म्हणालो, "आदमी मीच आहे."

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि आपला मोबाइल नंबर पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिला.

पुढच्या रविवारी काम सुरू केलं. कॅमेरा मोटरीच्या खोलीलगतच्या नारळावर बसवायचा ठरला, कारण वाडीत वीज तेवढीच. प्लग आत खोलीत, कॅमेरा बाहेर झाडावर. मी स्टुलावर चढलो, सासऱ्यांनी स्टूल धरलं, आणि मी कॅमेऱ्याचं तोंड मस्तपैकी केळींकडे केलं.

"पाठ कुणाकडं केलीत?" खालून सासूबाईंचा आवाज आला.

मी दचकून मागे बघितलं.

"तुमची नाय. त्याची."

कॅमेऱ्याची पाठ राखणदेवाकडे झाली होती. आता आपल्याकडे देवळातून निघतानासुद्धा माणूस चार पावलं उलटा चालतो, देवाकडे पाठ करत नाही, हे मला मान्य आहे. पण हे यंत्र होतं.

"अगो, यंत्राला कसली आली पाठ?" सासरे एरवी कधी नव्हे एवढ्या जोरात म्हणाले.

"डोळा हाय ना त्याला? मग पाठ पण हाय. देवाकडं पाठ करून राखण करतात होय?"

या युक्तिवादात कुठेतरी चूक होती, पण स्टुलावर उभं राहून ती सापडेना. मी कॅमेरा वळवला. आता डाव्या अर्ध्या भागात केळी आणि उजव्या अर्ध्या भागात देव, असं चित्र जमलं. सासूबाईंचं समाधान झालं. स्टूल मात्र थरथरायला लागलं. मला वाटलं, सासऱ्यांचं वय झालं.

मग कॉम्प्युटर. तो माझ्या मेव्हण्याचा, नोकरीला गुजरातेत जाताना इथेच ठेवून गेलेला. त्याच्यावर सासूबाईंनी भरतकाम केलेलं कापड, कापडावर फुलदाणी, फुलदाणीत प्लास्टिकचे गुलाब. सगळं उतरवून मी तो चालू केला. तो चालू होईपर्यंत चहा झाला. मी डिस्क घातली, 'होय', 'होय', 'मान्य आहे' अशी बटणं न वाचता दाबली, आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली, 'कॅमेरा सापडला नाही.'

खिडकीतून तो मला दिसत होता. सासूबाईंना दिसत होता. त्याच्यावर बसलेल्या कावळ्यालाही तो सापडला होता. एकट्या कॉम्प्युटरला सापडेना.

मी मशीन बंद करून चालू केलं. मग व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रॅमने आमच्या सॉफ्टवेअरलाच चोर समजून कोंडून घातलं. त्याला सोडवलं, तर जागाच शिल्लक नाही असा निरोप आला. सगळी जागा मेव्हण्याच्या लग्नाच्या व्हिडिओने अडवली होती. "पुसून टाकू?" मी विचारलं. "नको," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्यात माझी आई चालताना दिसते." मग काय बोलणार? मी मेव्हण्याचे मोटारशर्यतीचे खेळ पुसले. शेवटी हताश होऊन कमलेशभाईला फोन लावला.

"वायर लगाया?" त्याने विचारलं.

"कमलेशभाई, मी काय आज..." म्हणत मी टेबलाखाली वाकलो. वायर लावली नव्हती. "नेटवर्कचा प्रॉब्लेम होता, झाला," असं म्हणून मी फोन ठेवला.

आणि चित्र आलं! केळी हलताहेत, कोंबडी फिरतेय, चिंचेखाली देव बसलाय. सासूबाईंनी स्क्रीनलाच हात जोडले. रेकॉर्डिंग चालू असलं की कॅमेऱ्याच्या कपाळावर एक लाल ठिपका पेटतो. तो त्यांना कुंकवासारखा वाटला आणि फार पसंत पडला. चोराचे फोटो कुणाच्या मोबाइलवर पाठवायचे, असं सॉफ्टवेअरने विचारलं. मी माझा नंबर टाकणार होतो.

"वाडी माझ्या नावावर हाय," सासूबाई म्हणाल्या. "फोटो माझ्याच फोनवर येणार."

त्यांचा नंबर टाकला. "आता या वाडीत मुंगी हलली तरी तुम्हाला कळेल," मी जाहीर केलं. सासरे उठून ओटीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सासूबाईंचा फोन.

"प्रफुल्लराव, सगळं दिसतंय. कोंबडी दिसते, शेजारच्या गोजराचा कुत्रा दिसतो, ह्ये खाकरताना दिसतात. पण काल देवाला पान वाढून मी वळले, आणि त्याच्यानंतर काळं. नुसतं काळं. मग जरा वेळाने आपोआप परत चालू."

"आणि पान?"

"स्वच्छ. पेला रिकामा."

मी तज्ज्ञाला शोभेल असं हसलो. पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर जरा बिचकतंच, म्हणालो. सोमवार ते शनिवार रेकॉर्डिंग अखंड झालं. आणि रविवारी दिवेलागणीला पुन्हा काळं! पान स्वच्छ, पेला रिकामा, आणि कॅमेरा परत चालू. पुढच्या खेपेला मी सगळं सॉफ्टवेअर मुळापासून उपटून नव्याने बसवलं. त्या रविवारी तर मी तिथेच, कॉम्प्युटरसमोर बसून होतो. सासूबाई पान वाढून फ्रेममधून बाहेर गेल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत चित्र गेलं. मी बटणं दाबत बसलो, कपाळाला घाम आला, तोवर चित्र परत आलं. पान रिकामं.

"प्लग देखा?" कमलेशभाईने फोनवर विचारलं.

"हा सॉफ्टवेअरचा मामला आहे," मी म्हणालो. ज्याला सॉफ्टवेअर कळतं तो प्लग बघत नाही, हे त्याला कोण सांगणार?

पण निदान आधीच झालं होतं, आणि ते शेजारच्या गोजराबाईंनी केलं होतं. "सुलू," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "त्याला नाय आवडत कुणी जेवताना बघितलेलं. तोच डोळा मिटतो त्या कॅमेऱ्याचा." आठवड्याभरात ही बातमी माहीमभर झाली. देव कॅमेरा बंद करतो! बायका नारळ घेऊन यायला लागल्या. आधी नुसत्या पाया पडून जात, मग एकीने रविवारी आपल्या घरचंही पान वाढलं. तेही सकाळी स्वच्छ. मग काय विचारता? करंदीची, म्हणजे बारीक कोलंबीची, भजी आली, तांदळाचे वडे आले, कुणी भरलेला बांगडा आणला. इकडे सासरे दिवसेंदिवस गप्प गप्प व्हायला लागले. सोमवारी सकाळी ओव्याचं पाणी मागायला लागले. सासूबाई म्हणाल्या, दुधी बाधला असेल.

बातमी शिरगावला गेली आणि शिरगावच्या एका सहकाऱ्याबरोबर आमच्या ऑफिसात शिरली. "काय डॉक्टर, तुमचं मशीन देव बंद करतो म्हणे?" अकाउंट्सवाल्यांनी टाळ्या दिल्या. एकदा साहेबांचा प्रिंटर अडला तर त्यांनी मला न बोलावता स्वतःच त्याला नमस्कार करून बघितला. माझी अब्रू अशी चव्हाट्यावर आली, आणि तीही एका दगडापुढे. मी सरळ कमलेशभाईचं दुकान गाठलं.

"आपका लाइट जाता होगा," तो म्हणाला. "बैटरी ले जाओ. लाइट जाएगा तो भी चलेगा."

लाइट फक्त रविवारी, फक्त देवाच्या जेवणापुरता कसा जाईल, हे मी त्याला विचारलं नाही. बॅटरी घेतली. रविवारी सकाळी सगळे झोपेत असताना ती कॅमेऱ्यामागे झावळ्यांच्या आड बसवली आणि कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर सगळी औषधं पेशंटला सांगत नसतो.

त्या रविवारी वाडीत जत्रा होती. संध्याकाळपर्यंत चिंचेखाली पानांची रांग लागली. दिवेलागणीला नमस्कार करून बायका मागे न बघता आल्या आणि ओटीवर सासूबाईंभोवती दाटीवाटीने बसल्या. मधोमध सासूबाई, त्यांच्या हातात मोबाइल. देव डोळा कसा मिटतो ते बघायला सगळ्या टपलेल्या.

मी आत कॉम्प्युटरकडे निघालो, तोच सासऱ्यांनी मागून माझा सदरा ओढला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जावईबापू, जरा मोटरीकडं चला. पाणी कुठं अडलंय ते बघू."

आम्ही मागच्या दाराने निघालो. मोटरीच्या खोलीत शिरून त्यांनी इकडेतिकडे बघितलं, खाली वाकले, आणि कॅमेऱ्याचा प्लग उपटला.

मी प्लगकडे बघितलं. मग सासऱ्यांकडे. मग गेल्या कित्येक रविवारी उपटून पुन्हा पुन्हा बसवलेलं सॉफ्टवेअर डोळ्यांपुढून गेलं.

"बाबा, तुम्ही?"

"मीच." त्यांनी मान खाली घातली. "आधी मांजरं खायची. डॉक्टरने सांगितल्यापासून मीच मांजर."

"आणि ताडी?"

"ताडी आधीपासून मीच."

मला हसू आवरेना. पण ते हसत नव्हते.

"हसू नका. दोन बोंबील आन् एक अंडं होतं तोवर ठीक होतं. आठवडाभर दुधी खायचा, आन् रविवार आठवायचा. आता तुमच्या कॅमेऱ्यापायी अख्खं गाव जेवण धाडतंय. नाय खाल्लं तर देव कोपला म्हणतील, सुलू घाबरून अंथरूण धरील. खाल्लं तर मी मरेन. आज एवढी पानं हायत. तुमी खाणार का अर्धी?"

आता मला सांगा, जावयाने काय करावं? समोर म्हातारा माणूस हात जोडून उभा. वाऱ्यावर तळलेल्या बोंबलांचा वास येत होता, आणि त्या वासापुढे माणसाची बुद्धी जशी चालायला हवी तशी चालत नाही. मी चिंचेखाली मांडी घातली.

काय सांगू तुम्हाला! बाहेरून कुरकुरीत, आतून लोणी. गोजराबाईंची भजी तर अशी, की त्यांच्या कुत्र्याबद्दलचं माझं मत सुधारलं. आम्ही दोघं एकेक पान साफ करत पुढे सरकत होतो. सासऱ्यांनी पेला माझ्यापुढे केला, मी त्यांच्यापुढे बांगडा केला. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एका पंगतीला, एकच जेवण, असे पहिल्यांदाच जेवत होतो. ते पण खुलले. लग्नाआधी सुलूच्या माहेरी आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने केवढे बोंबील वाढले होते, ते सांगायला लागले.

"फसवतो तिला, हे बरं नाय," मधेच ते म्हणाले. "पान वाढताना तिचा चेहरा बघितलाय का तुमी? तिला वाटतं देव जेवतो. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

मी सहानुभूतीने मान वर केली. तोंडात अख्खा बोंबील होता. समोर नारळावर, झावळ्यांत, एक लाल ठिपका पेटलेला होता.

बॅटरी.

बोंबील गिळायला मला फार वेळ लागला.

"बाबा," मी म्हणालो, "कॅमेरा चालू आहे."

"प्लग काढलाय की."

"मी बॅटरी लावलीय. लाइट गेला तरी चालतो."

"म्हणजे आपण दिसतोय?"

"हो."

"कुणाला?"

"आईंना."

"एकटीला?"

ओटीवर सगळी आळीच बसली होती. त्यांनी हातातला अर्धा बोंबील हळूच पानावर ठेवला. कॅमेऱ्याकडे बघितलं. मग तो परत उचलला.

"दिसलोच हाय," ते म्हणाले, "तर अर्धा कशाला टाकू."

पण उठवेना त्यांना. "बोंबलाचं जाऊ दे," ते म्हणाले. "चारचौघींत तिची मान खाली गेली असेल. आन् तिचा देव गेला, तो मी कुठून आणू?" मला पहिल्यांदाच स्वतःचा भयंकर राग आला. कुणी सांगितलं होतं मला हे सॉफ्टवेअर चालवून दाखवायला? एवढे दिवस ते चालत नव्हतं, तेव्हा घरात सगळे सुखात होते.

फाशीला निघाल्यासारखे आम्ही ओटीवर आलो. सासूबाईंच्या मांडीवर मोबाइल उलटा पडलेला, त्याच्यावर त्यांचा हात दाबून धरलेला. त्यांच्या मागे तेजल उभी होती, तोंडात ओढणीचा बोळा कोंबून. तिचे खांदे हलत होते.

"अगो सुलू, सांग ना," गोजराबाई म्हणत होत्या. "मगाशी टिंग वाजलं. तू बघितलंस आन् लगेच उलटा ठेवलास. काय दिसलं?"

सासूबाईंनी मान वर केली. सासऱ्यांकडे बघितलं. त्यांच्या ओठाला बांगड्याचा मसाला लागला होता. मग माझ्याकडे बघितलं.

"काळं," सासूबाई म्हणाल्या.

"सगळं?"

"सगळं काळं झालं. मी म्हटलं नव्हतं? त्याला नाय आवडत कुणी बघितलेलं. आन् गोजरा, पुढल्या रविवारपासून कुणी पान आणू नका. काल स्वप्नात आला होता. म्हणाला, माझं पोट एवढंसं, एका घरचंच सोसतं."

बायकांनी हात जोडले. समाधानाने आपापल्या घरी गेल्या. सासरे खांबाला टेकून उभे होते, ते हळूच खाली बसले.

जेवणाची पानं झाली तेव्हा आम्ही दोघं भूक नसताना मुकाट्याने बसलो. सासूबाईंनी आधी सासऱ्यांना दुधी वाढला. मग भिंतीकडे बघत, तेजलला सांगावं तसं म्हणाल्या, "देव बारीक झालाय गं."

तेजलने ओढणी पुन्हा तोंडाशी नेली.

"गालफडं बसलीत. पाठीत वाकलाय पण. मी आपली डॉक्टरचं ऐकून बसले, इतकं नीट बघितलंच नव्हतं कधी." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि सासऱ्यांच्या ताटातली दुधीची भाजी अर्धी परत काढून घेतली. "अंडं नि दोन बोंबील चालतील त्याला रविवारचे. तेल कमी घालीन. ताडी मात्र अर्धा पेला."

"अर्धा?" सासऱ्यांच्या तोंडून निघून गेलं.

"देवाला विचारलं नाय मी," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आन् देवाचा भगत मात्र चांगलाच माजलाय."

याला आता बरेच दिवस झाले. केळी चोरीला जायची थांबली. कॅमेरा बंद करणाऱ्या देवाच्या वाडीत कोण शिरणार? माझ्या सॉफ्टवेअरमुळे थांबली असं मी ऑफिसात सांगतो, तेवढा तरी माझा हक्क आहे. प्लगला आता कुणी हात लावत नाही. रविवारी दिवेलागणीला सासूबाई पान वाढून येतात आणि ओटीवर मोबाइल घेऊन बसतात. चिंचेखाली सासरे कॅमेऱ्याकडे तोंड करून बसतात, चुकूनही त्याच्याकडे पाठ करत नाहीत, आणि सावकाश जेवतात. पान साफ झालं की सासूबाई मोबाइल खाली ठेवतात. 'देव जेवला,' म्हणतात, आणि मगच स्वतःचं ताट वाढून घेतात.

सगळ्यांचं भलं झालं. एवढं एकच, की त्या प्रसंगानंतरच्या रविवारी आम्ही माहीमला गेलो, मी हात धुऊन ताटावर बसलो, आणि बघतो तर ताटात दुधी.

"भगताचं जेवण देवाकडं असतं ना," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

हरकत नाही, म्हटलं. संध्याकाळची वाट बघितली. दिवेलागणीला मागच्या दाराने चिंचेखाली गेलो आणि सासऱ्यांच्या शेजारी मांडी घातली. त्यांनी पान हळूच पलीकडच्या गुडघ्याकडे सरकवलं.

"माझ्यापुरतंच हाय, जावईबापू," देव म्हणाले. "आन् जरा बाजूला बसा. तुमी मधे आलात की मी तिला दिसत नाय."